हनोईतलं बिनखिडकीचं हॉटेल, घामाघूम फरशी आणि आमचा 'चा' (तीन स्टार, मनात साडेतीन)

आधीच सांगते, हॉटेलचं नाव लिहिणार नाही. खटकलेलं सगळं लिहिणार आहे आणि तिथं राबणाऱ्या पोरांच्या पोटावर पाय नको. हनोईच्या जुन्या पेठेत, होआन किएम तलावापासून चालत आठ-दहा मिनिटांवर असली हॉटेलं ढिगानं आहेत, सगळ्यांचं तोंड एका शटरएवढं आणि सगळ्यांच्या जाहिरातीत तोच बाल्कनीच्या कठड्यावर ठेवलेला कॉफीचा कप. त्यातलंच एक आमचं.

आम्ही चौघी. मी बेळगावात एका क्रेडिट सोसायटीत कॅश काउंटरला बसते, सुमन खानापूर तालुक्यात शाळेत इतिहास शिकवते, रेखाचं बेळगावच्याच शहापुरात ब्लाउज शिवायचं दुकान आहे आणि विद्या निपाणीची, पक्की शाकाहारी, अंडं पण नाही. दहावीला एका वर्गात होतो, आता पंचेचाळिशी ओलांडली. नवऱ्यांना न्यायचं काय यावर दोन मिनिटं चर्चा झाली आणि मग रेखानं चहा टाकला. परदेशात याआधी चौघींपैकी कुणीच गेलेली नव्हती, त्यामुळं या रिव्ह्यूत हॉटेल किती आणि पहिल्यांदा बाहेर पडलेल्या बायकांची तारांबळ किती ते तुम्हीच वेगळं करून घ्या.

हनोईच का, तर मुंबईहून थेट विमान, पाचेक तासांत पोचवतं, व्हिसा घरबसल्या ऑनलाइन मिळतो, एका वेळच्या प्रवेशाला 25 डॉलर, आणि रेखानं कुठंतरी तिथल्या रेशमाचे व्हिडिओ बघितलेले. बेळगावहून रात्रीची स्लीपर धरून मुंबई, दिवसभर विमानतळावर बसून गप्पा, कडक भाकरी आणि शेंगा चटणी तिथंच अर्धी संपली. पहाटे हनोईला उतरलो तर बाहेर झिमझिम पाऊस, धुकट उजेड, अंगावर काटा येईल एवढी थंडी. फेब्रुवारीचा शेवट होता. आम्ही व्हिएतनाम म्हंजे उकाडा असं धरून सुती कपडे भरलेले. सुमन दारातच म्हणाली, "ही तर आपली जुलैतली खानापूरची हवा गे, स्वेटर कुठं हाय माझा?" स्वेटर खानापुरात होता.

हॉटेलवाल्यांनी गाडी पाठवू का म्हणून मेल केलेली, भाव ऐकून आम्ही नको म्हटलं, आणि हे आमचं पूर्ण ट्रिपमधलं सगळ्यात शहाणपणाचं काम. नोई बाय विमानतळाबाहेर 86 नंबरची केशरी बस लागते, तिकीट 45 हजार डोंग, डोंग म्हंजे तिथलं चलन. आकडा ऐकून विद्याचा चेहरा उतरला. खरं हिशेब सोपा आहे, शेवटची तीन शून्यं पुसायची, उरलेल्याला तीननं गुणायचं आणि जरा वर धरायचं. म्हंजे दीडशे रुपयाच्या आसपास. बसमध्ये बॅगा ठेवायला जागा, एसी, कंडक्टर बाई हसतमुख, पुढच्या स्टॉपचं नाव पाटीवर. कुठल्याही नवीन शहरात पहिला तास असा गेला की माणसाचा अर्धा घोर कमी होतो, त्यामुळं बसला पाचपैकी पाच, हॉटेलचं नंतर बघू.

बस तांबड्या नदीवरच्या मोठ्या पुलावरून जाते, न्हात तान नाव त्याचं, तारांनी तोललेला, पाच उंच खांब, 2015 साली सुरू झालेला. आम्ही चौघी एकाच खिडकीला नाक लावून. मग पुढं शहरात शिरताना बांधाच्या भिंतीवर रंगीत फरश्यांच्या तुकड्यांची चित्रं सुरू झाली ती संपेचनात. हत्ती, कमळं, नक्षी, पोरांनी काढलेली असावीत तशी घरं, आणि परत नक्षी. जवळजवळ चार किलोमीटर आहे ती भिंत, शहराला 2010 साली हजार वर्षं झाली तेव्हाची. खानापूरची माती आणि कुंभारकाम बघत वाढलेली आमची सुमन एकदम गप्प झाली, आणि ती गप्प झाली की समजायचं काहीतरी आवडलंय.

लाँग ब्येन स्टॉपला उतरलो. इथनं खरी गंमत. पाट्यांवरची अक्षरं सगळी एबीसीडी, ओळखीची, खरं एक शब्द वाचता येईना, प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर टोपी, पायात ठिपका, गळ्यात शेपूट. बेळगावच्या माणसाला तीन भाषांच्या पाट्यांची सवय असते, कानडी येत नसलं तरी बसची पाटी आपण बरोबर वाचतोच, तेवढ्या गुर्मीत आम्ही मॅपशिवाय निघालो आणि पंधरा मिनिटांत त्याच फळवालीसमोर दुसऱ्यांदा आलो. ती बाई खांद्यावर कावड घेऊन उभी, दोन्ही टोपल्यांत फळं. दुसऱ्यांदा बघून ती पण हसायला लागली.

फुटपाथ आहेत, भरपूर आहेत, खरं त्यावर स्कूटर लावलेल्या, आणि स्कूटरमधल्या जागेत बालवाडीतल्या पोरांचे असतात तसले प्लास्टिकचे बुटके स्टूल मांडून मोठी माणसं गुडघे छातीला लावून गरम सूप ओढतायत. म्हंजे बॅगा घेऊन चालायचं रस्त्यातनं. आणि रस्त्यात काय, तर मोटारसायकली. गणपतीच्या आदल्या दिवशी बेळगावच्या गणपत गल्लीत असते ती गर्दी, फक्त इथं प्रत्येक माणूस गाडीवर. एका गाडीवर फ्रिज, एकीवर झाडच्या झाड कुंडीसकट, एकीवर आजी, नात आणि मधे कुत्रं.

तर हॉटेल. सकाळचे साडेआठ-नऊ झाले असतील, चेक-इन दुपारी दोनला. काउंटरवर विशीतली एक पोरगी, बारीक, चष्म्याची. आमचा अवतार बघून तिनं आधी बॅगा आत ओढल्या, मग पासपोर्ट मागितले. तिथं परदेशी माणूस उतरला की पोलिसांकडं नोंद करावी लागते हॉटेलला, आम्हाला हे माहीत नव्हतं, आणि तिनं चारी पासपोर्ट ड्रॉवरमध्ये टाकून किल्ली फिरवली तेव्हा विद्याचा धीर सुटला. "आता गेले बघ पासपोर्ट, आता कसं जायचं घरी" हे ती निपाणीच्या आवाजात म्हणाली, पोरगीला शब्द कळला नाही, भाव कळला. तासाभरात स्कॅन करून तिनं ते परत दिले. सांगून घेतले असते तर हा तास बरा गेला असता, हा अर्धा स्टार इथं कापला.

मग तिनं चौघींना छोट्या कपात गरम काहीतरी दिलं. हिरवट, दूध नाही, साखर नाही, कडवट. विद्यानं घोट घेतला आणि हळूच विचारलं, "चाय? मिल्क चाय?" पोरगी म्हणाली, "चाय? येस, येस!" आणि विद्याला हाताला धरून दारात नेऊन समोरच्या बोळाकडं बोट दाखवायला लागली. आम्हाला वाटलं तिकडं चहाची टपरी असेल. आम्ही चौघी गेलो की मुकाट. बोळात एक खाणावळ, पाटीवर 'कोम चाय', आत भात, टोफू, पालेभाज्या, मशरूम, केळफुलासारखं काहीतरी. चहाचा पत्ता नाही.

नंतर पोरगीनंच उलगडा केला. त्यांच्या भाषेत 'चाय' म्हंजे शाकाहारी. आणि चहाला काय म्हणतात? लिहितात वेगळं, खरं उत्तरेकडं उच्चार ऐकलात तर 'चा'. सरळ आपला 'चा'! आमच्याकडं गावात अजून 'चा घे की वो' असंच म्हणतात, शाळेत बाईंनी मारून मारून 'चहा' करून घेतला होता आमचा, आणि इथं सव्वातीन-साडेतीन हजार किलोमीटरवर चा म्हटलं की चा येतो. सुमन मास्तरीण आहे तरी तिनं त्या दिवसापासून 'चहा' शब्द टाकला. विद्याचं तर भाग्यच उघडलं, चहा मागायला गेली आणि चार दिवसांच्या जेवणाची सोय करून आली. शाकाहारी मंडळींनी हे पाठ करून जा : 'आन चाय'. बोटानं स्वतःकडं दाखवून एवढं म्हणायचं. तरीपण माशाच्या सॉसचं एकदा विचारून घ्या, तो तिथं आपल्या मिठासारखा सगळ्यात असतो, आणि नुसती पालेभाजी दिसली म्हणून खाऊ नका.

आता खोली. बुकिंगला लिहिलेलं 'फॅमिली रूम, सिटी व्ह्यू', चार जणींना एका रात्रीचे 9 लाख डोंग, नाष्ट्यासकट, म्हंजे आपले तीन हजार. लिफ्ट नाही. जिना उभा, शिडीच म्हणा, चौथा मजला, बॅगा एका पोरानं दोन-दोन करून वर नेल्या आणि त्याला धाप पण लागली नाही, आम्ही मोकळ्या हातानं गेलो तरी प्रत्येक मजल्यावर देव आठवत गेलो. खोलीत पडदा. मोठा, जरीचा, दोन्ही बाजूला गोंडे. रेखानं ऐटीत पडदा सरकवला. मागं खिडकी, खिडकीमागं एक हात जागा आणि मग शेजारच्या घराची भिंत, शेवाळ आलेली. सिटी होती, व्ह्यू नव्हता.

मी खाली जाऊन भांडले. मी भांडायला लागले की इंग्रजी संपतं आणि बेळगावी सुरू होते, "असं कसं की वो, फोटोत बाल्कनी दाखवता आणि भिंत देता?" पोरगीनं ऐकून घेतलं आणि कागदावर पेनानं एक लांबडा चौकोन काढला, पुढनं बोटभर, आत वीतभर. अख्खी जुनी पेठ अशीच बांधलेली. पुढं दुकान, मागं माणसं, मधे एखादं छोटं अंगण, त्याच्या मागं अजून माणसं. रस्त्याकडच्या रुंदीवर पूर्वी कर बसायचा म्हणून सगळ्यांनी घरं अरुंद आणि लांब केली असं तिथं सांगतात. उजेड फक्त पहिल्या आणि शेवटच्या खोलीला. हे बघितलं आणि माझा आवाज खाली आला, कारण आमचं शहापुरातलं आजोळ डिट्टो असं होतं, पुढं सोपा, मग माजघर, मग अंधार, मग अजून अंधार, मग न्हाणी आणि परसात आड. दिवसा दिवा लावून आजी तांदूळ निवडायची. तरीपण मी तिला सांगितलं की बाई, चौकोन झकास आहे, खरं तो वेबसाइटवर टाका. ती हसली. दुसऱ्या दिवसापासून पुढची बाल्कनीची खोली देते म्हणाली, जादा पैसे नाहीत, आणि शब्दाला जागली.

दुसरी तक्रार मी केली ती मात्र मागं घ्यावी लागली. संध्याकाळी खोलीत आलो तर फरशी ओली. पुसलेली नव्हे, ओली, पायाचे ठसे उमटतायत. भिंतीवर पण थेंब. मला वाटलं वरच्या मजल्यावर नळ फुटला. परत चार मजले उतरून खाली. पोरगीनं मला काउंटरच्या मागची फरशी दाखवली, ती पण ओली. जिना ओला. मग तिनं दाराबाहेर समोरच्या दुकानाची फरशी दाखवली, तिथं माणूस पुठ्ठे अंथरत होता. 'नोम' म्हणतात म्हणे त्याला. थंडी सरता सरता समुद्राकडनं कोमट दमट वारं येतं आणि गार पडलेल्या फरशीला लागून पाणी होतं, गार पेप्सीच्या बाटलीला बाहेरनं घाम येतो तसं, फेब्रुवारी ते एप्रिल अधनंमधनं हे चालतं. खिडक्या उघडल्या की अजून वाढतं, त्यामुळं बिनखिडकीच्या खोलीत तेवढं कमी, असं ती तोंड अगदी सरळ ठेवून म्हणाली. त्या काळात जाणार असाल तर पातळ कापडाचे कपडे न्या, जीन्स चार दिवस वाळत नाही, आणि बूट घसरडे नकोत.

बाकी खोलीचं पटकन सांगते. गाद्या चांगल्या, चादरी स्वच्छ, गरम पाणी दणदणीत. बाथरूम एवढंसं, कमोडवर बसलं की गुडघे दाराला, खरं शेजारी पाण्याचा जेट आहे, परदेशात जाऊन आलेल्या सगळ्यांनी आम्हाला याच गोष्टीवरनं घाबरवलं होतं, तो विषय व्हिएतनामात नाही. वायफाय ठीक. टॉवेल चार मागितले, तीन आले, चौथा पण आला, उशिरा.

नाष्टा साधा. फो म्हंजे त्यांचं नूडल्सचं सूप, ते बीफ किंवा चिकनचं असतं, विचारून घ्या. पाव झकास, बाहेरनं कुरकुरीत, फ्रेंच लोक सोडून गेलेले. विद्यानं चारी दिवस पाव, केळी, ड्रॅगन फ्रूट आणि वर आमची शेंगा चटणी असं खाल्लं. तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघरातली मावशी चटणीचा वास घेऊन गेली, चौथ्या दिवशी वाटी घेऊनच आली.

ज्याच्यासाठी तीनचे साडेतीन करावेसे वाटतात ते आता. पहिल्या दिवशी खोली मिळेपर्यंत फिरून येतो म्हणून आम्ही बाहेर पडलो आणि हॉटेलसमोरचा रस्ता ओलांडता येईना. झेब्रा क्रॉसिंग आहे, त्याला कुणी विचारत नाही. आम्ही सवयीनं उजवीकडं बघतोय, गाड्या डावीकडनं येतायत, कारण तिथं वाहनं उजव्या बाजूनं चालतात. एक पाऊल पुढं, दोन मागं, दहा मिनिटं झाली. काचेतनं बघत असणार ती पोरगी, बाहेर आली, काउंटर सोडून. आम्हाला एका ओळीत उभं केलं, आडवं, गाड्यांच्या तोंडाकडं बाजू करून, आणि म्हणाली, "स्लो. नो स्टॉप. नो बॅक." माझ्या कोपराला धरलं आणि सरळ रस्त्यात उतरली, देवळात प्रदक्षिणा घालताना चालतो त्या चालीनं. मी डोळे मिटणार होते, तिनं कोपर दाबलं. आणि गाड्या आमच्या आजूबाजूनं गेल्या, ओढ्याचं पाणी दगडाला वळसा घालून जातं तशा. हॉर्न वाजतात ते रागाचे नव्हेत, 'मी इथनं चाललोय' एवढंच. धावलात किंवा मधेच थांबलात तर त्यांचा अंदाज चुकतो, गोम तीच. पलीकडं पोचल्यावर ती म्हणाली, आता तुम्ही परत या, मी बघते. परीक्षाच. रेखा "मी पहिला जातो" म्हणाली आणि गेली. (आमच्याकडं बायकाही 'मी जातो, मी आलो'च म्हणतात, पुण्याची वहिनी वीस वर्षं झाली तरी हसते, हसू दे.) चार दिवसांत आम्ही एवढ्या तयार झालो की शेवटी एका गोऱ्या जोडप्याला सुमननं हाताला धरून पलीकडं नेलं, "नो स्टॉप, नो बॅक" म्हणत.

माझ्या मते अनोळखी गावात पोचलेल्या माणसाला पहिल्या दिवशी खिडकीपेक्षा काउंटरवरचं माणूस जास्त लागतं, आणि इथं ते होतं. म्हणून भिंत बघूनसुद्धा मी एक स्टार देऊन मोकळी झाले नाही.

पेठेतलं फिरणं रिव्ह्यूत बसत नाही, तरी थोडं. गल्ल्यांची नावं 'हांग' नं सुरू होतात, हांग म्हंजे माल. हांग बाक चांदीची, आपली सराफ गल्लीच, अजून पण तिथं दागिन्यांची दुकानं आहेत. हांग गाय रेशमाची. त्या नावावरनं आम्ही जेवढं हसलो तेवढं हसू नये, रेखानं तिथं अडीच तास काढले आणि प्रत्येक कापडाची शिवण उलटी करून बघितली. हांग मा कागदाच्या वस्तूंची, आणि ते बघून आम्ही गार. कागदाचे शर्ट, कागदाचे बूट, कागदाचं घर, खोट्या नोटांची बंडलं, सगळं पूर्वजांसाठी, जाळलं की त्यांना पोचतं. सुमन म्हणाली, आपण कावळ्यावर भरवसा ठेवतो, हे अग्नीवर. मला मात्र नोटांच्या बंडलांचं वाईट वाटलं, आमच्याच धंद्यातला माल.

आणि नोटांवरनं माझी फजिती. सगळ्या नोटांवर हो चि मिन्हच, आपल्या सगळ्या नोटांवर गांधीजी तसे. त्यात 20 हजारांची नोट निळी आणि 5 लाखांची पण निळीच, प्लास्टिकच्या, गुळगुळीत. एक साधारण पासष्ट रुपयांची, दुसरी सोळाशेच्या वर. रोज लाखांची कॅश हाताखालनं काढणारी मी, संध्याकाळच्या दिव्यात कुणाला तरी वीस हजार म्हणून पाच लाख देऊन आले. कुणाला ते आजतागायत आठवत नाही. रात्री पलंगावर बसून सवयीनं कॅश टॅली केली, 4 लाख 80 हजार शॉर्ट. परत मोजली, परत शॉर्ट. तिघी हसून लोळत होत्या आणि मी कागदावर चणे, कॉफी, बसचं तिकीट लिहीत बसलेली. सकाळी पोरगीनं सांगितलं ते तुम्हाला पण सांगते, पाच लाखांच्या नोटा पर्सच्या वेगळ्याच कप्प्यात ठेवा, निळ्याशी निळी लागू देऊ नका. हे चेक-इनला सांगणार असाल तर अजून अर्धा स्टार, असं मी तिला म्हटलंय.

आम्ही पोचलो तो शुक्रवार होता आणि हे नशीब. शुक्रवार संध्याकाळपासून रविवार रात्रीपर्यंत तलावाभोवतीचे रस्ते गाड्यांना बंद. दिवसभर जीव मुठीत धरून चाललेल्या आम्ही, आणि एकदम सगळा रस्ता मोकळा, पोरं दोरीवरच्या उड्या मारतायत, म्हातारी माणसं जोडीनं नाचतायत, कुणी बासरी वाजवतंय. तांबडा लाकडी पूल पाण्यावर उजळलेला, मधे कासवाचा छोटा मनोरा. सुमननं गोष्ट सांगितली, ले लोई नावाच्या राजानं चिन्यांशी लढून राज्य मिळवलं आणि देवाची तलवार या तळ्यातल्या कासवाला परत दिली, होआन किएमचा अर्थच परत दिलेली तलवार. तळ्यातलं शेवटचं मोठं कासव 2016 च्या जानेवारीत गेलं, पुलापलीकडच्या न्गोक सोन देवळात काचेत ठेवलंय, ते दुसऱ्या दिवशी बघितलं, केवढं धूड. विद्या म्हणाली, आपल्या किल्ला तलावाला असा रस्ता बंद केला तर? रेखा म्हणाली, तर भेळवाले येतील. ते पण खरं.

अंड्याची कॉफी प्यायलो, तिघी. 1946 मध्ये दुधाची टंचाई होती तेव्हा इथल्या मेत्रोपोल हॉटेलातल्या न्गुयेन वान ग्यांग नावाच्या माणसानं दुधाऐवजी अंड्याचा बलक फेटून घातला, तिथनं हे सुरू. कप गरम पाण्याच्या वाडग्यात बसवून देतात, गार होऊ नये म्हणून. वर पिवळा घट्ट फेस, श्रीखंड सैल करावं तसा, खाली कडू जहर कॉफी. वास येत नाही अंड्याचा. विद्यानं नारळाची घेतली आणि तिचीच जास्त चांगली होती हे आम्ही तिला सांगितलं नाही.

त्या रात्रीचा एक घोळ हॉटेलच्या खात्यात टाकावा की आमच्या, ठरत नाही. माझा फोन फोटो काढून काढून मेला, रेखाचा खोलीवर चार्जिंगला, सुमनचा पर्सच्या तळाशी. वेळ बघत होतो विद्याच्या मनगटी घड्याळात. "दहाच वाजलेत गे, बसू की." दहा म्हंजे निपाणीचे दहा. तिथं साडेअकरा. घड्याळ दीड तास पुढं करायचं राहून गेलेलं. परत आलो तर आमचं हॉटेल सापडेना, सकाळी गजबजलेली गल्ली सगळी शटर पाडून झोपलेली, सगळी शटरं सारखी. दोन फेऱ्या मारल्या. शेवटी रेखानं दारातल्या कुंडीवरनं ओळखलं. बुकिंगवर '24 तास रिसेप्शन' लिहिलेलं, आणि शटर खाली. वाजवलं. आतनं आवाज नाही. परत वाजवलं, समोरच्या माडीवरची एक बाई डोकावली, खाली आली, आणि कुंडीमागं लपलेलं बेलचं बटण दाबून परत वर गेली, शब्द न बोलता.

शटर गुडघ्याएवढं वर झालं, आम्ही वाकून आत. सकाळची लॉबी ओळखूच येईना. सोफे भिंतीला सरकवलेले आणि सगळ्या जागेत मोटारसायकली, बारा-तेरा तरी, आरशाला आरसा लावून, कारण रात्री गाडी बाहेर ठेवायची पद्धत नाही. त्यांच्यामधे घडीचा पलंग, त्यावर सकाळी बॅगा नेणारा पोरगा, ब्लँकेट अंगावर, डोळे अर्धे मिटलेले. पेट्रोलचा वास आणि अगरबत्तीचा वास एकत्र. कोपऱ्यात खाली जमिनीलगत त्यांचा देव्हारा, लाल दिवा, पुढं संत्री आणि बिस्किटाचा पुडा. आम्ही साड्या-ओढण्या सावरत गाड्यांमधनं आडव्या होऊन निघालो, विद्याची ओढणी एका हँडलला अडकली, तो पोरगा झोपेतच उठला, सोडवली, परत आडवा झाला.

पुढच्या खोलीबद्दल एकच. बाल्कनी आहे, छोटी, व्ह्यू खरोखर आहे, तारांचं जाळं आणि खाली अख्खी गल्ली. झोप नाही. शनिवारी रात्री एकपर्यंत गाणी आणि सकाळी सहाला खालच्या सूपवालीच्या पातेल्यांचा आवाज. रेखा अर्धी रात्र कठड्याला टेकून होती, खूश. मी कानात कापूस घालून मनातल्या मनात ती शेवाळाची भिंत आठवत होते.

निघताना पोरगीला कुंदा दिला, डब्यात शेवटचा राहिलेला. तिनं तपकिरी रंग बघून "चॉकलेट?" विचारलं. मिल्क, म्हटलं, ओन्ली मिल्क, शुगर, लाँग टाइम गॅस. तिनं एक खडा तोंडात टाकला, बाकीचा डबा काउंटरखाली सरकवला आणि बॅगा नेणाऱ्या पोराला दाखवला नाही.

तर कुणी जावं : पाय धड असलेले, दिवसभर बाहेर राहणारे, चौघं-पाच जण मिळून. आई-वडिलांना घेऊन जाणार असाल तर लिफ्टचं हॉटेल बघा. बुक करताना खिडकी आहे काय असं विचारू नका, आहे असंच सांगतील, खिडकी कशावर उघडते ते विचारा. आणि दारासमोरच्या कोपऱ्यावर स्टुलं टाकून एक आजी बसते, तिच्याकडं बर्फाचा चा पाच हजाराला मिळतो, म्हंजे सोळा-सतरा रुपये. सुट्टे घेऊन बसा. पाच हजाराची नोट पण निळीच आहे.